रेकॉर्डचा बॉक्स सेट: आधी तबकडी, झाकण शेवटी

१९७९ साली ब्रिटनमधल्या पब्लिक इमेज लिमिटेड या बँडने आपला अल्बम सिनेमाचं रीळ ठेवतात तसल्या गोल पत्र्याच्या डब्यात घालून विकला. आत १२ इंची तीन रेकॉर्ड्स आणि मधे कागदाच्या चकत्या, बस्स. तो डबा आजही संग्राहकांच्या तोंडाला पाणी आणतो. पण रेकॉर्ड्स त्यात इतक्या घट्ट बसायच्या की बाहेर काढणं हेच एक काम होऊन बसायचं, आणि काढता काढता त्यांना ओरखडे पडायचे. त्याआधी १९७१ मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडच्या ‘स्टिकी फिंगर्स’ अल्बमच्या कव्हरवर जीन्सची खरीखुरी झिप लावली होती. गठ्ठ्यात एकावर एक रचल्यावर ती झिप लगतच्या रेकॉर्डमध्ये रुतायला लागली. शेवटी तोडगा निघाला तो असा: पाठवण्याआधी झिप अर्धी खाली ओढून ठेवायची, म्हणजे दाब मधल्या लेबलवर पडतो, ग्रूव्हवर, म्हणजे आवाज साठवणाऱ्या खाचांवर, नाही.

नव्या डिझायनरच्या हाती बॉक्स सेटचं, म्हणजे एकाच पेटीत अनेक रेकॉर्ड्स आणि पुस्तिका देण्याचं, काम आलं की पहिल्याच दिवशी स्क्रीनवर झाकण तयार होतं, सोनेरी फॉइलसकट. ग्राहकही खूश. आणि मग त्या झाकणात आतला ऐवज कोंबायची धडपड सुरू होते. माझं म्हणणं असं की झाकण सगळ्यात शेवटी करावं. आधी तबकडी, मग तिचं आतलं पाकीट, त्यावरचं छापील जॅकेट, पुस्तिका आणि मग पेटी. संग्राहक पेटी जपतो ती उघडता येते म्हणून. जी पेटी उघडायलाच भीती वाटते, ती दोन वर्षांत माळ्यावर जाते.

बोलायला सोपं जावं म्हणून एक काम गृहीत धरू: एका गायिकेच्या मैफलीचं १३० मिनिटांचं ध्वनिमुद्रण, ५०० प्रती, छपाई आणि बायंडिंग पुण्या-मुंबईकडे.

आधी मिनिटं मोजा

३३⅓ आरपीएमच्या (मिनिटाला इतके फेरे) १२ इंची रेकॉर्डची एक बाजू २० ते २२ मिनिटांची धरायची. त्याहून जास्त बसवता येतं, पण मग ग्रूव्ह दाटीवाटीने कापावे लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि पाठीमागची खरखर वर येते. १३० मिनिटं म्हणजे कागदावर सहा बाजू, तीन रेकॉर्ड्स. पण ख्याल काही भागाकाराने तुटत नाही. ३८ मिनिटांचा राग असेल तर विलंबित एका बाजूला आणि द्रुत दुसऱ्या बाजूला, असं संगीत जाणणाऱ्या माणसाबरोबर बसून ठरवावं लागतं. असं करत गेलं की चार रेकॉर्ड्स होतात. एखादी बाजू रिकामी उरलीच तर तिच्यावर चित्र कोरून घेता येतं. काही कारखाने ते करून देतात आणि संग्राहकांना ते आवडतं.

हा आकडा पक्का झाल्याशिवाय पुढचं काहीच सुरू करू नका. चार रेकॉर्ड्स म्हणजे आठ लेबलं, चार जॅकेटं, चार पाकिटं आणि पेटीची खोली. सगळं इथूनच निघतं.

जाता जाता एक: जुन्या परदेशी संचांत पहिल्या रेकॉर्डच्या पाठीवर शेवटची बाजू छापलेली दिसते. तीन रेकॉर्ड्सचा संच असेल तर १-६, २-५, ३-४. ती छपाईची चूक नव्हे. एकावर एक ठेवलेल्या रेकॉर्ड्स आपोआप खाली सोडणारे प्लेअर तेव्हा होते, त्यांच्यासाठी ती सोय होती. आज सरळ अ-ब, क-ड असाच क्रम ठेवा.

हक्कांचं काम चित्र काढायच्या आधी

हे थोडक्यात सांगतो, कारण हे वकिलाचं काम आहे. पण डिझायनरला निदान इतकं माहीत हवं. भारतात प्रकाशित ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं टिकतो. चीज किंवा पद कुणी नव्याने रचलेलं असेल, तर त्या रचनेचा हक्क वेगळा आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. फोटोचा हक्क आणखी वेगळा. ‘घरच्यांनी दिला’ म्हणजे फोटो वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही, तो काढणारा कोण होता हे विचारावं लागतं. शिवाय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रण तयार करणाऱ्याचं आणि हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष रेकॉर्डवर आणि तिच्या वेष्टनावर छापणं बंधनकारक आहे. त्याला जागा आधीच राखून ठेवा. नाहीतर शेवटच्या रात्री तो मजकूर सहा पॉइंटात कोपऱ्यात जाऊन बसतो.

पेटीचा प्रकार निवडा

प्रचलित प्रकार तीन. पहिला, झाकण आणि तळ असे दोन भाग असलेली पेटी. दुसरा, पुस्तकाच्या खोळीसारखी एका बाजूने उघडी स्लिपकेस. तिसरा, बिजागरीसारखं एकाच कडेने जोडलेलं झाकण. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचा १९७० चा तीन रेकॉर्ड्सचा अल्बम अशाच बिजागरीच्या पेटीत आला होता.

झाकणाची पेटी भेट द्यायला उत्तम. उघडताना तिचा एक थाट असतो. पण रोज ऐकणाऱ्याला तिचा कंटाळा येतो: कपाटातून काढा, आडवी ठेवा, झाकण काढा, ते कुठेतरी ठेवा, मग वरच्या तीन रेकॉर्ड्स उचलून चौथी काढा. स्लिपकेसमध्ये हवी ती रेकॉर्ड कपाटात उभ्याउभ्या ओढता येते. माझं मत स्पष्टच सांगायचं तर तीनपेक्षा जास्त रेकॉर्ड्स असतील तर स्लिपकेस. तरीही दहातल्या आठ ग्राहकांना झाकणच हवं असतं, म्हणून पुढची मापं झाकणाच्या पेटीची देतो.

मापं

इथे घाई करू नका. सगळी मापं मिलिमीटरमध्ये लिहा. इंच आणि मिलिमीटर एकाच कागदावर आले की कुठेतरी गफलत झालीच म्हणून समजा.

१२ इंची रेकॉर्डचा व्यास सुमारे ३०१ मिमी असतो. जॅकेट साधारण ३१५ मिमी चौरस, पण प्रत्येक कारखान्याचा साचा एखाद-दोन मिलिमीटरने वेगळा असतो. म्हणून त्यांच्याकडून टेम्प्लेट (मापांचा आराखडा) मागवा, इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. पेटीची आतली जागा जॅकेटपेक्षा ३ मिमी मोठी, म्हणजे ३१८. याहून कमी ठेवली तर बोट जात नाही आणि जॅकेटच्या कडा फाटतात. ६-७ मिमी मोकळी ठेवली तर कुरिअरच्या गाडीत रेकॉर्ड्स इकडून तिकडे आपटत जातात आणि जॅकेटची शिवण आतून उसवते.

आता खोली. १८० ग्रॅमची रेकॉर्ड, तिचं पाकीट आणि ३ मिमी पाठीचं जॅकेट मिळून ४ मिमी धरा. चार रेकॉर्ड्सचे १६. पिनबांधणीच्या ४८ पानी पुस्तिकेचे ५. वर ३ मिमी मोकळी जागा. झाले २४.

पुठ्ठा २ मिमीचा घेतला तर तळ बाहेरून ३२२ मिमी होतो. त्यावर कागद चढतो, म्हणून झाकणाची आतली बाजू ३२४ आणि बाहेरची ३२८. इथे थांबून कपाटाचा विचार करा. आपल्याकडे सुताराकडून करून घेतलेला रेकॉर्डचा खण बहुधा १३ इंची असतो, म्हणजे ३३० मिमी. तुमची पेटी जेमतेम बसली. पुठ्ठा ३ मिमीचा घेतला असता तर ती कपाटाबाहेरच राहिली असती. स्लिपकेसच्या बाजूने आणखी एक मुद्दा हा: ती ३२२ वरच थांबते.

झाकण तळाला पूर्ण झाकत असेल तर दोन्ही बाजूंना अंगठ्यासाठी अर्धचंद्राकृती काप ठेवा. नाहीतर आत हवा अडकते आणि झाकण निघतच नाही. तळात आडवी साटिनची फीत टाका, ती ओढली की रेकॉर्ड्सचा गठ्ठा वर येतो. फितीची टोकं पुठ्ठा आणि आतला कागद यांच्या मधे चिकटवायची. नुसती वर डकवलेली फीत महिनाभरात हातात येते.

झाकणावर चढणाऱ्या कागदाचं माप असं निघतं: वरची बाजू ३२८, दोन्हीकडच्या कडा २८-२८ आणि आत दुमडायला १८-१८. एकूण ४२० मिमी चौरस. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण डिजिटल प्रेसच्या नेहमीच्या १३×१९ इंची शीटची रुंदी ३३० मिमीच असते. ‘पन्नासच प्रती आहेत, डिजिटलवर काढू’ असं म्हणणारा इथे अडकतो. ऑफसेटला २३×३६ इंची शीटवर अशी दोन झाकणं शेजारी शेजारी लागतात. छापखान्यात फाइल पाठवायच्या आधी त्यांच्या मशीनची शीट कोणती ते विचारा आणि मगच माप गोठवा.

आणि हे सगळं करूनही, प्रत्यक्ष छापून-चिकटवून आलेली जॅकेटं हातात पडेपर्यंत पेटीचा डाय, म्हणजे पुठ्ठा कापायचा साचा, करायला टाकू नका.

पुठ्ठा, कागद, डिंक आणि पाऊस

पेटीला लागणारा राखाडी पुठ्ठा बाजारात कप्पा बोर्ड किंवा ग्रे बोर्ड म्हणून मिळतो. २ मिमीचा साधारण १२५० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम) असतो. त्यावर १२८ ते १५७ जीएसएमचा आर्ट पेपर, टेक्स्चर्ड कागद किंवा बायंडिंगचं कापड चढतं.

पेटी वाकडी होते ती बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या दर्जामुळे नव्हे, ओलाव्यामुळे. डिंक लागला की कागद ओला होऊन फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला कागद असेल तर पुठ्ठा पापडासारखा वळतो. म्हणून आतल्या बाजूलाही कागद लावायचा आणि पुठ्ठा, बाहेरचा कागद, आतला कागद या तिघांचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, एकाच बाजूला ठेवायचा. ग्रेन कसा ओळखायचा? कागदाचा चौकोनी तुकडा ओला करा. ज्या अक्षाभोवती तो वळेल ती ग्रेनची दिशा.

जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत आणि मुंबईत हवेत इतका दमटपणा असतो की चिकटवलेली पेटी एका रात्रीत वाळत नाही. बायंडर घाईत असला की ओलसर पेट्याच एकावर एक रचून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतो आणि पंधरा दिवसांनी उघडल्यावर आत बुरशी. जमत असेल तर पेटीचं काम दिवाळीनंतर धरा. नसेल जमत, तर वाळवणीचे तीन-चार दिवस वेळापत्रकात लेखी घाला आणि वाळेपर्यंत पेट्यांवर वजन ठेवायला सांगा.

डिंकाबाबतही विचारून घ्या. जुने बायंडर खळ वापरतात, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. वह्या-पुस्तकांना ती पद्धत पिढ्यान् पिढ्या चालली आहे, पण संग्रहासाठीच्या पेटीला पिठाची खळ नको. पेटी बनवणाऱ्या कारखान्यात गरम सरस असतो, हातकामात सिंथेटिक पांढरा डिंक. दोन्ही चालतात.

रेकॉर्डसाठी खोबण असलेला फोम घालायचा मोह होतो. टाळाच. काळा पॉलियुरेथेन फोम दमट हवेत काही वर्षांत चिकट होतो, मग भुगा होतो, आणि तो भुगा थेट ग्रूव्हमध्ये जातो. त्यापेक्षा पुठ्ठ्याचा ट्रे बरा. चुंबकाच्या झाकणाने रेकॉर्डला काही होत नाही, पण संचात कॅसेट घालणार असाल तर चुंबक नको.

पाकीट, जॅकेट, लेबल

रेकॉर्डला लागून काय असावं यात तडजोड नाही. आतून पॉलिथिनचं अस्तर असलेलं कागदी पाकीट घ्या. पीव्हीसीचं पारदर्शक पाकीट कधीच नको. त्यातलं मऊपणा आणणारं रसायन हळूहळू बाहेर पडतं आणि रेकॉर्डवर धुरकट थर बसतो, जो पुसून जात नाही. नुसत्या जाड छापील कागदाची पाकिटं दिसतात छान, पण प्रत्येक वेळी काढता-घालताना बारीक ओरखडे उमटवतात. छापील पाकीट हवंच असेल तर आत आणखी एक पातळ पॉलिथिनचं पाकीट द्या.

जॅकेटला ३०० ते ३५० जीएसएमचा बोर्ड. संचाच्या आतली जॅकेटं साधी ठेवली तरी चालतात. चारही एकाच रचनेत, फक्त रंग किंवा फोटो वेगळा. अंधुक दिव्यात ‘मला तिसरी हवी’ हे झटकन कळलं पाहिजे.

लेबल ही सगळ्यात फसवी जागा. व्यास सुमारे १०० मिमी, मधे ७ मिमीपेक्षा जरा मोठं भोक. लेबल चिकटवत नाहीत. रेकॉर्ड दाबली जाते त्याच क्षणी उष्णतेने आणि दाबाने ते प्लॅस्टिकमध्ये बसतं. त्याआधी त्यातला ओलावा घालवायला ते भट्टीत भाजून घेतात. म्हणून कागद अनकोटेड (गुळगुळीत लेप नसलेला) लागतो, लॅमिनेशन (वरून प्लॅस्टिकचा पातळ थर) चालत नाही आणि गडद शाईचा जाड थरही नको, तो भाजताना आणि दाबताना त्रास देतो. भोकापासून १० मिमीच्या आत अक्षर नको. लेबल थोडं सरकतंच, तेव्हा कडेला लागून बारीक गोल रेघ काढलीत तर ती एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब दिसेल.

देवनागरी अक्षरांची परीक्षा

बहुतेक परदेशी टेम्प्लेट रोमन अक्षरं मनात धरून केलेली असतात. ३ मिमीच्या पाठीवर २ मिमी उंचीची रोमन कॅपिटल्स सहज बसतात. देवनागरीत त्याच २ मिमीमध्ये वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि खालचा उकार एवढं सगळं मावायचं असतं. ‘पूर्वी’ हा शब्द तिथे लिहून बघा. मूळ अक्षराला जेमतेम १ मिमी उरतो आणि घडी अर्धा मिलिमीटर सरकली की रफार पुढच्या बाजूला जातो. जॅकेटची पाठ ५ मिमी घेता आली तर घ्या, पण मग पेटीची खोली पुन्हा मोजा. नाहीतर पाठीवर फक्त मोठा आकडा टाका: १, २, ३, ४. नाव पेटीच्या २८ मिमी कडेवर ऐटीत येऊ द्या.

फॉन्ट निवडताना आधी ‘ल’ आणि ‘श’ पाहा. बऱ्याच फॉन्टमध्ये त्यांची हिंदी वळणं मूळ म्हणून असतात आणि मराठी वळणं आत दडलेली असतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली की ती बाहेर येतात. त्यानंतर ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि ‘ळ’ टाइप करून बघा. ‘वाऱ्याची’मधला अर्धा र मोडतो का, ‘ॲ’च्या जागी चौकोन येतो का. छापखान्याला फाइल देताना सगळी अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्या करून द्या, त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट उघडेल या भरवशावर राहू नका. आउटलाइन केल्यानंतरची पीडीएफ कागदावर काढून मराठी नीट वाचणाऱ्या, पण त्या कामात नसलेल्या माणसाला वाचायला द्या. रागांची आणि साथीदारांची नावं दोनदा.

फॉइलमध्ये देवनागरी आणखी अवघड. ‘ळ’, ‘क्ष’, ‘ष्ट’ यांच्या पोटातल्या जागा गरम ठशाखाली भरून जातात, अनुस्वाराचा टिंब उचलतच नाही किंवा खरवडून निघतो. दोन रेषांमधलं अंतर ०.४ मिमीहून कमी नको. कापडावर फॉइल करायचं तर अक्षर आणखी ठसठशीत हवं, कारण कापडाची वीण कडा खाते. नाजूक सुलेखनाच्या फटकाऱ्यांना फॉइल करायची हौस असेल तर आधी एका शब्दाचा ठसा करून प्रत्यक्ष कापडावर मारून बघा.

रंग आणि सजावट

काळी पेटी सगळ्यांनाच हवी असते. नुसता १०० टक्के काळा मोठ्या जागेवर राखाडी दिसतो. त्याच्या जोडीला निळसर ६०, किरमिजी ४०, पिवळा ४० दिला की काळा भरदार होतो. बारीक मजकुराला मात्र नुसताच काळा ठेवा, नाहीतर चार रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत की अक्षरांना सावल्या येतात. छापलेल्या काळ्या कागदाला पेटीच्या कोपऱ्यांवर घडीत पांढऱ्या चिरा दिसतात. गाभ्यापासून काळा असलेला रंगीत कागद घेऊन त्यावर फॉइल केलं तर हा प्रश्नच उरत नाही. मॅट लॅमिनेशन घेणार असाल तर अँटी-स्कफ, म्हणजे ओरखडे न उमटणारं, मागा. साध्या मॅटवर नखाची रेघही राहते.

फॉइल, स्पॉट यूव्ही (ठरावीक जागी चकचकीत लेप), एम्बॉसिंग (उठावाचा ठसा), चारही बाजूंना छपाई हे सगळं एकाच झाकणावर नको. एक निवडा. यासाठी व्हॉयेजर सुवर्ण तबकडीचा बॉक्स सेट जरूर बघा. १९७७ मध्ये नासाने दोन यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात पाठवली. तिच्यावर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ४० वर्षांनी, २०१७ मध्ये, ओझ्मा रेकॉर्ड्सने त्याचा तीन रेकॉर्ड्सचा संच काढला: सोनेरी अर्धपारदर्शक रेकॉर्ड्स, ९६ पानी पुस्तक, सोनेरी फॉइल. २०१८ मध्ये त्याला पॅकेजिंगचं ग्रॅमी मिळालं. तिथे सोनेरी रंग श्रीमंती दाखवायला आलेला नाही, मूळ वस्तूच सोनेरी होती. तुमच्या गायिकेच्या मैफलीत सोनेरी काय होतं? काहीच नसेल तर फॉइलचा रंग दुसरीकडे शोधा, तिच्या नेहमीच्या नऊवारीच्या काठात किंवा तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या तपकिरीत.

पुस्तिका

संग्राहक पेटी एकदा बघतो आणि पुस्तिका पुन्हा पुन्हा उघडतो. प्रत्येक बाजूला कोणता राग, ताल, चीज, किती मिनिटं. मैफल कधी, कुठे झाली, ध्वनिमुद्रण कशावर झालं. तबला, हार्मोनियम, तंबोऱ्यावर कोण होतं. जुन्या ७८ आरपीएमच्या लेबलांवर साथीदारांची नावं सहसा नसत. आता छापायला जागाही आहे आणि निमित्तही, तेव्हा ती गाळू नका.

पुस्तिकेला शक्यतो अनकोटेड कागद, म्हणजे दिव्याखाली चमक मारत नाही. त्याची जाडी आर्ट पेपरपेक्षा जास्त, म्हणून खोलीचा हिशेब परत करा. जुन्या वर्तमानपत्राची किंवा मैफलीच्या तिकिटाची प्रतिकृती घालायची असेल तर ती वेगळ्या पाकिटात द्या. स्वस्त कागदातलं आम्ल शेजारच्या फोटोला पिवळं करतं.

कोरी डमी

छपाई नसलेली, खऱ्या पुठ्ठ्याची आणि खऱ्या कागदाची एक पेटी करून घ्या. भंगारातल्या रेकॉर्ड्स तिच्यात भरा. मुंबईत चोरबाजारात ऐकण्याच्या पलीकडे गेलेल्या तबकड्या स्वस्तात मिळतात. वजन मात्र जुळवून घ्या, जुन्या रेकॉर्ड्स बहुधा १८० ग्रॅमपेक्षा हलक्या असतात. मग पेटी घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या ज्याला तुम्ही काहीही समजावून सांगितलेलं नाही. झाकण एका दमात निघतं का? चौथी रेकॉर्ड काढताना तो काय करतो? पेटी उलटी धरली तर काय पडतं? उभी ठेवल्यावर झाकण सुटतं का? शेवटी ती पाठवणीच्या खोक्यात घालून टेबलाच्या उंचीवरून एका कोपऱ्यावर पाडा.

या डमीवर जे कळतं ते कुठल्याही मॉकअपवर कळत नाही. बायंडर डमीचे वेगळे पैसे मागेल, द्या.

रंगासाठी स्क्रीनवर किंवा इंकजेट प्रूफवर विसंबू नका. पहिली शीट मशीनवर निघताना समोर उभे राहा आणि लॅमिनेशन झालेला तुकडा जवळ ठेवा, कारण मॅट लॅमिनेशनने रंग बदलतो. ५०० पेट्यांसाठी किमान ५४० आवरणं छापून घ्या. हातकामात काही वाया जाणारच.

लेबलांचा मजकूर टेस्ट प्रेसिंग, म्हणजे कारखान्याने तपासायला पाठवलेल्या नमुना रेकॉर्ड्स, ऐकून झाल्यावरच अंतिम करा. बाजूंची अदलाबदल आणि वेळेतले फरक तिथेच सापडतात.

पैसे कमी पडले तर

पडतातच. कापायचा क्रम माझ्या मते असा: आधी पोस्टकार्डं, बॅज, प्रमाणपत्रं वगैरे जोडवस्तू जाऊ द्या, मग फॉइल, मग कापडाच्या जागी कागद, मग पुस्तिकेची पानं. पुठ्ठ्याची जाडी आणि आतल्या पाकिटांचा दर्जा शेवटपर्यंत हलवू नका.

क्रमांक आणि पाठवणी

मर्यादित आवृत्ती म्हणून क्रमांक घालणार असाल तर तो पेटीच्या तळाला किंवा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर घाला, हाताने किंवा नंबरिंग मशीनने, आणि पेट्या तपासून झाल्यावरच. आधी क्रमांक टाकले की खराब निघालेल्या पेट्यांबरोबर मधले आकडेही जातात. ‘५०० पैकी’ छापलं की ५०१ वी निघता कामा नये. मागणी आली तर वेगळ्या रंगाची दुसरी आवृत्ती काढा आणि तसं स्पष्ट लिहा.

किंमत आणि कॉपीराइटचा मजकूर सोडून कायद्याने लागणारा बाकी मजकूर पेटीवर छापू नका. तो पेटीभोवतीच्या कागदी पट्टीवर किंवा वेष्टनावरच्या स्टिकरवर द्या. जपानी रेकॉर्ड्सवर अशी पट्टी असते, तिला ओबी म्हणतात, आणि ती शाबूत असेल तर संग्राहक जास्त पैसे मोजतात. श्रिंक रॅप घट्ट मारू देऊ नका, गरम हवेत ते आणखी आवळतं आणि कोपरे चेपतात.

आता वजन. चार रेकॉर्ड्स ७२० ग्रॅम, जॅकेटं ३००, पाकिटं १००, पुस्तिका ३८०, पेटी ४५०. जवळपास २ किलो. पण कुरिअरवाले आकारमानावरही आकारणी करतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. ४०×४०×१० च्या खोक्याचे ३.२ किलो होतात. विक्रीची किंमत ठरवताना हा आकडा धरा. खोकं पाच थरी कोरुगेटेडचं घ्या आणि पेटीच्या चारही बाजूंना किमान २५ मिमी गादी ठेवा, कोपऱ्यांना जास्त. खोक्यावर ‘उन्हात ठेवू नये’ असं मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत छापा. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्याकडची पार्सलं आठवड्याच्या सुरुवातीला काढा, म्हणजे ती शनिवार-रविवार तापलेल्या पत्र्याच्या गोदामात पडून राहत नाहीत.

पाच-दहा रिकामी झाकणं आणि थोडी जॅकेटं बाजूला ठेवा. चेपलेल्या कोपऱ्याची तक्रार येणार आहेच, आणि झाकण बदलून देणं हे अख्खा संच परत घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.